त्वचेची विद्या मुलग्यांनाही मिळू द्या

हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीत बारावी झालेल्या मुलापुढच्या वाटा ठरलेल्या आहेत. पोलीस भरतीसाठी पहाटे पळायला जायचं, आयटीआयला इलेक्ट्रिशियन नाहीतर फिटर धरायचा, डी. फार्मसीला नंबर लागतो का बघायचं, किंवा गावातल्या कुणाच्या ओळखीनं चाकणच्या कंपनीत लागायचं. यातलं काही नको, मला चेहऱ्याचं, त्वचेचं काम शिकायचंय, असं एखाद्यानं घरी सांगून बघावं. घर नाभिकाचं असेल तर बाप म्हणतो, वस्तराच धरायचा होता तर तुला एवढं शिकवलं कशाला? घर दुसऱ्या कुठल्या जातीचं असेल तर आजी विचारते, हे आपलं काम आहे का रं? आणि घर कुठलंही असो, गल्लीतल्या पोरांचा शेरा ठरलेला: बायकी काम.

त्याच वेळी बाजारपेठेत काय चाललंय ते बघा. जिथं पूर्वी ‘केशकर्तनालय’ एवढीच पाटी असायची तिथं आता ‘जेन्ट्स पार्लर’ आहे आणि काचेवर फेशियल, डी-टॅन, ब्लीच, हेअर स्पा, नवरदेव पॅकेज यांचे दर लावलेले आहेत. तुळशीचं लग्न लागलं की सराई सुरू होते. हळदीच्या आदल्या दिवशी नवरदेव एकटा येत नाही. धाकटा भाऊ, मेव्हणा, दोन-चार मित्र असे सगळे रांगेत बसतात. खेड्यांवरून मोटारसायकलींवर पोरं येतात. हे सगळं काम करणारे हात पुरुषांचेच आहेत. म्हणजे पुरुषानं त्वचेचं काम करावं का, हा वाद आता निरर्थक आहे. ते काम तो करतो आहे आणि शेकडो वर्षं करत आला आहे. त्याला ते नीट शिकवायचं की नाही, एवढाच प्रश्न शिल्लक आहे आणि त्याच्याकडे आपण पाठ फिरवून बसलो आहोत.

मराठवाड्यात न्हाव्याला वारीक म्हणतात. बारा बलुतेदारांपैकी तो एक. त्याच्या धोकटीत वस्तरा, कातर, नराणी, चिमटा, फणी, आरसा, पाण्याची वाटी आणि तुरटीचा खडा असे. हजामत हे त्याचं मुख्य काम, पण नखं काढणं, रुतलेला काटा काढणं, डोक्याला तेल चोळणं, अंग रगडणं, प्रसंगी पिकलेलं गळू फोडणं हेही त्याच्याकडेच असे. लग्नात नवरदेवाची दाढी त्यानंच करायची. मोबदला सुगीत, खळ्यावर, ज्वारीच्या रूपात. निजामाच्या राज्यात हा भाग असल्यामुळे आमच्याकडे हज्जाम आणि हमामखान्यांची मुसलमानी परंपराही होती. कळमनुरीसारख्या दोन्ही समाजांच्या गावात आजही दोन्हीकडची दुकानं शेजारी शेजारी आहेत. या व्यवस्थेचं कौतुक करत बसण्यात अर्थ नाही. अंगाला हात लावणारा माणूस सगळ्यांना हवा होता, मान मात्र त्याला कुणी देत नव्हतं. आणि दलितांची हजामत करायची नाही हा गावगाड्याचा दंडक त्याच माणसाच्या हातून पाळून घेतला जात होता. आज नाभिक बाप मुलाला या धंद्यातून बाहेर काढू पाहतो त्यामागे हा इतिहास आहे. त्याला दोष देता येणार नाही.

पण याच धंद्यानं ताठ मानेचीही उदाहरणं दिली आहेत. वारकरी परंपरेत सेना न्हावी संत म्हणून पूजले जातात. ज्या नामदेवांचं नरसी आमच्या जिल्ह्यात, हिंगोलीजवळ आहे, ते नामदेव शिंपी होते आणि सेना न्हावी होते, आणि दोघांनी आपापला धंदा लपवला नाही. 1890 साली मुंबईत गिरणी कामगारांचे पुढारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांची सभा भरली आणि ब्राह्मण विधवांचं केशवपन करणार नाही असा निश्चय तिथं झाला. जोतीराव फुल्यांच्या विचारातून आलेली ही कृती होती. आपला हात कुणाच्या अंगाला कशासाठी लावायचा आणि कशासाठी नाही, हे कारागिरांनी स्वतः ठरवलं. सौंदर्यव्यवसायातल्या नीतीचा धडा कुणाला शिकवायचा असेल तर परदेशी पुस्तक उघडायची गरज नाही. इथून सुरुवात करावी.

दुसरी बाजू कारखान्याची. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी 1919 साली ‘अफगाण स्नो’ बाजारात आणला आणि घरोघरच्या आरशापुढे ती निळसर बाटली आली. 1952 मध्ये केशव विष्णु पेंढरकरांनी विको सुरू केली. पुढे कंपनीनं हळदीची क्रीम काढली, आणि ती सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध यावर उत्पादन शुल्काचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवून जिंकला. हळदीनं जखम भरते या गोष्टीवर अमेरिकेत 1995 साली पेटंट दिलं गेलं, तेव्हा रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरनं ते आव्हान देऊन 1997 मध्ये रद्द करून घेतलं. ही सगळी पुरुषांची नावं आहेत आणि त्यांना कुणी बायकी म्हटलेलं नाही. क्रीम बनवणारा उद्योजक ठरतो, तिच्यावर संशोधन करणारा शास्त्रज्ञ ठरतो, आणि तीच क्रीम दुसऱ्याच्या चेहऱ्याला नीट लावण्याचं शिक्षण घेणाऱ्या पोराला मात्र टोमणे मिळतात. आमचा जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लग्नात हळद आधी नवरदेवाला लागते आणि त्याची उष्टी हळद नवरीकडे जाते. ज्या गावात पुरुषाच्या त्वचेचा असा सोहळा होतो, तिथं त्या त्वचेचं शिक्षण पुरुषाला लाजिरवाणं वाटावं, हे मला समजत नाही.

रंगभूमी आणि सिनेमात तर गणित उलटंच होतं. बालगंधर्वांच्या काळात स्त्रीपार्टी नटाचा चेहरा घडवणारे रंगभूषाकार पुरुषच, आणि त्या नटाची वेशभूषा, केशभूषा घरंदाज बायका उचलत. मराठी माणसांत पंढरीदादा जुकर हे रंगभूषेतलं फार मोठं नाव. कित्येक दशकं हिंदी सिनेमातले मोठमोठे चेहरे त्यांच्या हाताखालून गेले. विक्रम गायकवाडांनी ‘बालगंधर्व’ चित्रपटात सुबोध भावेंना बालगंधर्व केलं आणि ‘द डर्टी पिक्चर’बरोबर या कामासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 2025 च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा अख्ख्या सिनेसृष्टीनं हळहळ व्यक्त केली. पुरुषाच्या चेहऱ्यातून स्त्रीचा चेहरा उभा करणं हे या विद्येचं शिखर आहे आणि ते एका मराठी पुरुषानं गाठलं.

याच क्षेत्राची काळी बाजूही सांगायला हवी. मुंबईतल्या सिने रंगभूषाकारांच्या संघटनेनं कित्येक दशकं बायकांना ‘मेकअप आर्टिस्ट’चं कार्डच दिलं नाही, बायकांनी केस करावेत, चेहरा पुरुष रंगवणार, असा नियम होता. चारू खुराना या प्रशिक्षित रंगभूषाकार महिलेनं दाद मागितली आणि 10 नोव्हेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही बंदी घटनाबाह्य ठरवली. म्हणजे जिथं पैसा आणि नाव होतं तिथं हे काम पुरुषी होतं, इतकं की बायकांना आत येऊ दिलं नाही. गल्लीतल्या पार्लरमध्ये आलं की तेच काम बायकी झालं. कामाला मुळात लिंग नसतं. ते आपण चिकटवतो आणि सोयीनं बदलतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हासूरसासगिरीच्या शांताबाई यादवांनी 1984 साली नवरा वारल्यावर चार मुली जगवण्यासाठी वस्तरा हाती घेतला. गाव हसलं, मग त्याच गावानं त्यांच्यापुढे दाढीला बसायला सुरुवात केली. बाई वस्तरा धरू शकते, तर गडी थ्रेडिंगचा दोरा का धरू शकत नाही?

आता प्रशिक्षणाकडे येऊ. खरी गाठ इथं आहे.

सरकारी व्यवस्थेत आयटीआयचा ‘कॉस्मेटॉलॉजी’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे. दहावी पास लागतं. पूर्वी तो ‘हेअर अँड स्किन केअर’ म्हणून ओळखला जाई. त्वचेची रचना, तिचे प्रकार, फेशियल, ब्लीच, वॅक्सिंग, मॅनिक्युअर, पेडिक्युअर, मेकअप, केसांची निगा, निर्जंतुकीकरण असं सगळं त्यात आहे. फी अगदी किरकोळ. कागदावर हा ट्रेड मुलगा-मुलगी दोघांना खुला. पण राज्यात तो पुष्कळ ठिकाणी मुलींच्या आयटीआयमध्येच चालतो, आणि तिथं मुलाला अर्जच भरता येत नाही. कोर्स आहे, फी परवडते, मुलाची पात्रता आहे, पण ज्या इमारतीत वर्ग आहे तिथं त्याला दार नाही. या मुलांना कुणी हाकलून दिलेलं नाही. त्यांचा विचारच कुणी केला नाही.

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था म्हणजे आरसेटी. अग्रणी बँका त्या चालवतात. प्रशिक्षण, राहणं, जेवण सगळं फुकट. गरीब घरच्या मुलाला यापेक्षा चांगली सोय मिळणार नाही. तिथं ब्युटी पार्लरचा एक आणि पुरुषांच्या सलूनचा एक असे महिनाभराच्या आसपासचे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. पहिल्याला बायका बसतात, दुसऱ्याला गडी. ही वाटणी पूर्ण वाईट नाही. गावाकडच्या मुली पुरुषांसोबत एकमेकांच्या चेहऱ्यावर सराव करायला संकोचतात, हे खरं आहे आणि त्या संकोचाचा मान राखलाच पाहिजे. पण महिनाभरात केस, दाढी, दुकानाचा हिशोब आणि बँकेचं कर्ज एवढं बसवायचं म्हटल्यावर त्वचेच्या वाट्याला किती दिवस येणार?

17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत नाभिक आहे. पाच-सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, रोज 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15 हजार रुपये, आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाख आणि मग दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज. चालत्या दुकानाला याचा उपयोग होतो, आणि ज्यानं अजून अर्ज केला नसेल त्यानं जरूर करावा. पण ही योजना पिढीजात कारागिरांसाठी आहे. नाभिक घरातल्या मुलाला ती हात देते. सोयाबीन-हळद पिकवणाऱ्या घरातला, शिंप्याच्या घरातला किंवा वाड्या-तांड्यावरचा मुलगा याच धंद्यात नव्यानं यायचं म्हणाला, तर त्याला ती उपयोगाची नाही. जातीबाहेरच्या मुलाला धंद्यात शिरायची वाट नाही आणि जातीतल्याला बाहेर पडायची घाई, अशी ही कोंडी आहे. ती फुटायची असेल तर घराण्याऐवजी प्रमाणपत्र हा धंद्याचा आधार झाला पाहिजे. डॉक्टरकी, वकिली यांचं हळूहळू तसं होत आलं आहे. हा धंदा मागे राहिलाय.

कौशल्य विकास मोहिमेत सौंदर्य आणि निरामयता या क्षेत्रासाठी वेगळी परिषद आहे. सहायक ब्युटी थेरपिस्ट, ब्युटी थेरपिस्ट, हेअर स्टायलिस्ट अशा पायऱ्या तिनं आखल्या आहेत. जो आधीपासून काम करतो त्याच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचीही सोय आहे. शाळेच्या व्यवसाय शिक्षणासाठी एनसीईआरटीनं सहायक ब्युटी थेरपिस्टचं पाठ्यपुस्तक काढलेलं आहे. म्हणजे अभ्यासक्रमाची वानवा नाही. आणि खासगी क्लास तर बोलायलाच नको: नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे इथं काही हजारांपासून लाखाच्या घरातल्या फीपर्यंत सगळं मिळतं. त्यातले काही चांगले आहेत. काहींत दोन दिवसांची कार्यशाळा करून चकचकीत प्रमाणपत्र हातात देतात आणि त्या बळावर पोरगं गावात येऊन रसायनं वापरायला लागतं. प्रवेश घेण्याआधी पालकांनी इतकंच विचारावं: सरावाला किती चेहरे मिळणार, परीक्षा कोण घेणार, आणि प्रमाणपत्रावर सही कुणाची?

एवढं शिक्षण लागतंच कशाला, हा प्रश्न मला अनेकदा ऐकू येतो. त्याचं उत्तर एका ब्लीचमध्ये आहे. डबीत दोन वस्तू येतात: क्रीम आणि पावडर. क्रीममध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, पावडरीत परसल्फेट. दोन्ही एकत्र झाले की लव पिवळट होते आणि चेहरा उजळ दिसतो. चमचाभर क्रीमला पावडर चिमूटभरच लागते. आता सराईतली गर्दी डोळ्यांपुढे आणा. बाहेर सहा जण थांबलेत, नवरदेवाला लवकर जायचंय. कारागीर आधी वस्तऱ्यानं घोटून दाढी करतो. त्यात त्वचेचा वरचा पापुद्रा सोलवटलेला असतो, बारीक ओरखडे असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यावर लगेच ब्लीच. रंग लवकर यावा म्हणून पावडर सढळ हातानं. दंडावर किंवा कानामागे थोडं लावून आधी बघायचं असतं, त्याला वेळ कुठला? गिऱ्हाईक म्हणतं, आग होतेय. कारागीर म्हणतो, होणारच, म्हणजे लागू पडतंय. त्याच्या उस्तादानं त्याला तसंच सांगितलेलं असतं. डबीवरच्या बारीक अक्षरांत ‘दाढीनंतर लगेच लावू नये’ हे छापलेलं असतं, पण ते वाचून दाखवणारं त्याला कुणी भेटलेलं नाही. दुसऱ्या दिवशी हळदीला चेहरा लाल, आणि पंधरा दिवसांनी गालावर काळे चट्टे.

हे चट्टे का पडतात हेही शिकण्यासारखं आहे. थॉमस फिट्झपॅट्रिक या त्वचातज्ज्ञानं 1975 साली मांडलेली वर्गवारी आज जगभर त्वचेचे सहा प्रकार सांगते, आणि आपल्यापैकी बहुतेक जण चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतात. अशा त्वचेला भाजलं, खरचटलं, सूज आली की ती जखम भरताना जास्त रंग साठवते. युरोपातल्या गोऱ्या त्वचेवर जे खपून जातं ते मराठवाड्याच्या उन्हात राबणाऱ्या सावळ्या त्वचेवर डाग ठेवून जातं. इन्स्टाग्रामवर बघून शिकलेल्या पोराला हा फरक कळत नाही. वर्षभर शिकलेल्याला कळतो.

डागांवर निभावलं तर नशीब. आमच्यापासून रेल्वेच्या एका गाडीच्या अंतरावरच्या अकोल्यात एका कुटुंबातल्या तिघी मायलेकींना मूत्रपिंडाचा विकार झाला. कारण शोधता शोधता मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या वापरत असलेली चेहऱ्याची क्रीम तपासली गेली, तिच्यात पाऱ्याचं प्रमाण घातक निघालं. 2023 च्या सुरुवातीला ही बातमी आली. क्रीम ओळखीच्या सौंदर्यतज्ज्ञाकडूनच घेतलेली होती. पारा रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. आणि तोच पारा त्वचेतून रक्तात जातो. स्टिरॉइडच्या ट्यूबांचं दुखणं याहून व्यापक आहे. गजकर्णावर, वांगावर, मुरुमांवर, कशावरही मेडिकलमधून ट्यूब आणायची आणि चोळायची. पहिल्या आठवड्यात गुण दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, नायटा आणखी पसरतो, आणि लावणं थांबवलं की भडका उडतो. 2018 साली केंद्र सरकारनं अशी चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. बंदी कागदावर आहे, आणि सलूनच्या आरशाखालच्या कप्प्यात त्या ट्यूबा अजून सापडतात. ‘फेशियल किट’मध्ये थोडी ट्यूब मिसळली की चेहरा लगेच खुलतो, हे गुपित म्हणून एकमेकांना सांगितलं जातं. हे सांगणाऱ्या पोरांच्या मनात पाप नाही. त्यांना कुणी शिकवलेलं नाही, इतकंच.

म्हणून शिक्षणाचा अर्धा भाग काय करायचं याचा आणि अर्धा काय करायचं नाही याचा असला पाहिजे. इंजेक्शन, लेझर, खोल केमिकल पील, केसरोपण ही डॉक्टरांची कामं. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं केसरोपणाबाबत सूचना काढताना बजावलं की नुसती कार्यशाळा किंवा यूट्यूब बघणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. हे डॉक्टरांना सांगितलं. मग सलूनमधल्या मुलाला किती स्पष्ट सांगायला हवं!

करोनाच्या काळातली एक गोष्ट या संदर्भात आठवते. तीन महिने बंद राहिलेली सलूनं 28 जून 2020 पासून उघडायला राज्य सरकारनं परवानगी दिली, तेव्हा केस कापणं, रंगवणं, वॅक्सिंग, थ्रेडिंग चालेल असं म्हटलं, आणि त्वचेशी संबंधित सेवा वगळल्या. ज्यांचं पोट फेशियलवर होतं त्यांचे फार हाल झाले. पण त्या आदेशामुळे टॉवेल प्रत्येकाला वेगळा, एकदा वापरून टाकायचं एप्रन, खुर्ची पुसून घेणं या सवयी गावोगावच्या दुकानांत आल्या. काही दुकानांत त्या टिकल्या, पुष्कळ ठिकाणी सुटल्या. त्या टिकवणं एवढं एकच काम प्रशिक्षणानं केलं तरी गजकर्णाची साखळी तुटायला मदत होईल.

स्पर्शाचा मुद्दा मी टाळणार नाही. पुरुष हे शिकले तर ते बायकांच्या चेहऱ्याला हात लावणार का? उत्तर प्रदेशच्या महिला आयोगानं 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सुचवलं की पुरुष शिंप्यांनी बायकांची मापं घेऊ नयेत, सलूनमध्ये बायकांची सेवा बायकांनीच करावी. हा प्रस्ताव मला पटत नाही, पण तो ज्या भीतीतून आला ती भीती खोटी नाही. निवड बाईची असावी, कुणाकडून काम करून घ्यायचं ते तिनं ठरवावं, आणि दार उघडं, दुसरी बाई हजर, काय करणार ते आधी सांगून मगच हात लावायचा, एवढे नियम दुकानानं पाळावेत. अर्बन कंपनीसारख्या घरपोच सेवेनं बायकांसाठी बायका आणि पुरुषांसाठी पुरुष अशीच व्यवस्था ठेवली आहे, ती त्या सेवेच्या स्वरूपाला धरून आहे. शहरातल्या मोठ्या सलूनमध्ये बायका पुरुष कारागीर मागून घेतात, तेही आहेच. आणि कळमनुरीपुरतं बोलायचं तर हा प्रश्न फार लांबचा आहे. इथं पुरुष गिऱ्हाइकांचीच इतकी गर्दी आहे की शिकलेल्या मुलाला बायकांचं पार्लर धरायची गरजच पडणार नाही. ज्या घरांना या एका भीतीनं मुलाला अडवायचं आहे त्यांनी शनिवारी संध्याकाळी एखाद्या जेन्ट्स पार्लरमध्ये तासभर बसून यावं.

या धंद्याचा आणखी एक उपयोग आपल्या लक्षात आलेला नाही. माणसाची मान, कानामागचा भाग, टाळू, पाठ इतक्या जवळून महिन्या-दोन महिन्यांनी बघणारा सलूनवाल्याशिवाय दुसरा कोण आहे? अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या 52 बार्बरशॉपमध्ये कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांचा रक्तदाब मोजून त्यातल्या काही दुकानांत औषधतज्ज्ञाशी तिथंच गाठ घालून देण्याचा प्रयोग झाला. 2018 मध्ये त्याचे निष्कर्ष आले: या लोकांचा रक्तदाब इतरांपेक्षा कितीतरी जास्त उतरला. डॉक्टरकडे न जाणारा पुरुष न्हाव्याकडे जातोच, हे त्यामागचं साधं कारण. आपल्याकडे कुष्ठरोग अजून संपलेला नाही. फिकट, बधिर चट्टा लवकर ओळखला तर सरकारी दवाखान्यातल्या मोफत गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो, हातापायांची हानी टळते. सलूनमधल्या मुलानं रोगनिदान करायचं नाही. पण चट्टा दिसला तर ‘दादा, एकदा उपजिल्हा रुग्णालयात दाखवून घ्या’ एवढं म्हणायला त्याला शिकवता येईल.

पैशाचं थोडक्यात सांगतो. या धंद्यात पहिली वर्षं कष्टाची असतात. नव्या मुलाला शहरात अल्प पगार आणि वर कमिशन मिळतं, किंवा निम्म्या वाट्यावर खुर्ची धरावी लागते. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, रसायनांनी हात फुटतात. हे त्याला आधी सांगावं. पण हात बसला की गिऱ्हाईक माणसाशी बांधलं जातं, दुकानाशी नाही, आणि स्वतःचं दुकान टाकायला मुद्रा योजनेतून कर्ज मिळू शकतं. शेतीला जोडधंदा म्हणून, पावसानं दगा दिला तरी चालणारं हे काम आहे.

माझी मागणी साधी आहे. हिंगोली जिल्ह्यात जिथं मुलं आणि मुली दोघांना प्रवेश आहे अशा शासकीय आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीची एक तुकडी सुरू व्हावी आणि तिथं सरावासाठी मुलांना पुरुष मॉडेल मिळतील अशी व्यवस्था असावी. आरसेटीच्या सलून अभ्यासक्रमाला त्वचा, रसायनं आणि स्वच्छता यांचा स्वतंत्र आठवडा जोडावा, आणि त्यात एक दिवस त्वचारोगतज्ज्ञानं शिकवावं. चालत्या दुकानांतल्या कारागिरांची अनुभवाची परीक्षा तालुक्याच्या ठिकाणीच घ्यावी, त्यासाठी त्यांना दुकान बंद करून नांदेडला जावं लागू नये. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. लोकप्रतिनिधींनी आणि प्राचार्यांनी मनावर घेतलं तर पुढच्या प्रवेशफेरीपर्यंत यातलं बरंच होऊ शकतं.

आणि पालकांना एवढंच: पोरगं या कामाचं नाव काढेल तेव्हा लगेच नाही म्हणू नका. त्याला आधी विचारा, ‘शिकणार कुठं?’ चांगलं ठिकाण त्यानं शोधलं असेल तर फीचं आपण बघू, असं त्याला सांगा.